आधी स्टेजवर, मग अल्बमवर: द क्युअरचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’

द क्युअर या इंग्लिश रॉक बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ १ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. त्याआधीचा त्यांचा स्टुडिओ अल्बम २००८ चा. सोळा वर्षांत बहुतेक जुने बँड हिट गाण्यांवर दौरे काढत राहतात, आणि नवं काही काढलंच तर ते स्टेजवर दोन गाण्यांपुरतं वाजवून परत कपाटात ठेवतात. बँडचा गायक रॉबर्ट स्मिथने क्रम उलटा केला. गाणी आधी दौऱ्यावर नेली, वर्षभराहून जास्त काळ लोकांसमोर वाजवली आणि मग अल्बम काढला. माझ्या मते या अल्बममध्ये जे उत्तम आहे ते या उलट्या क्रमामुळे आहे, आणि जे कच्चं राहिलंय तेही त्याच कारणाने कळतं.

मी पुण्यात एका बँडमध्ये बेस गिटार वाजवते, त्यामुळे माझं ऐकणं खालून वर जातं. आधी बेस आणि ड्रम, मग गिटार, शब्द सगळ्यात शेवटी.

अल्बम आठ गाण्यांचा, एकोणपन्नास मिनिटांचा. सगळी गाणी एकट्या स्मिथची. १९८५ च्या ‘द हेड ऑन द डोअर’नंतर असं पहिल्यांदाच घडलंय. अल्बम आला तेव्हा तो ६५ वर्षांचा होता आणि आवाज खरोखर शाबूत आहे. वरच्या सुरांना तो अजून त्याच आर्त, किंचित रडवेल्या ढंगाने भिडतो. शब्द मात्र म्हाताऱ्या माणसाचे आहेत. आई, वडील, भाऊ गेले, आता आपली पाळी, हे तो आडपडदा न ठेवता गातो.

पहिलं गाणं ‘अलोन’. पावणेसात मिनिटांच्या या गाण्यात पहिली तीन मिनिटं उलटून जातात तरी स्मिथ तोंड उघडत नाही. जेसन कूपरचा ड्रम संथ आणि जड, रॉजर ओ’डॉनेलचा कीबोर्ड तंतुवाद्यांसारखा पसरलेला, आणि त्याखाली सायमन गॅलपचा बेस. गॅलप हा माझा लाडका. १९८० च्या ‘सेव्हन्टीन सेकंड्स’पासून, मधला थोडा काळ सोडला तर, तोच या बँडचा कणा आहे. बेस गुडघ्यापर्यंत लोंबत सोडून वाजवतो आणि तरी त्याची बोटं वरच्या पट्टीत गाणं म्हणत असतात. ‘अलोन’मध्ये तो अगदी थोडे सूर घेतो, पण प्रत्येक सूर पुढचा येईपर्यंत धरून ठेवतो. हे करून बघा. हात शिवशिवतो, मधे काहीतरी भरावंसं वाटतं. तो भरत नाही. म्हणूनच स्मिथ गायला लागतो तेव्हा त्या आवाजाला उभं राहायला जागा असते.

६ ऑक्टोबर २०२२ रोजी लॅटव्हियातल्या रिगा शहरात दौरा सुरू झाला, तोच या गाण्याने. कोणी कधी ऐकलेलं नाही असं गाणं, त्यात तीन मिनिटं गायन नाही, आणि त्याने मैफल उघडायची! हे धाडस मला फार मोठं वाटतं. आमच्यासारख्या लहान बँडना कॅफेत दुसऱ्याच गाण्याला फर्माईश येते, ‘ओळखीचं काहीतरी वाजवा.’ आम्ही वाजवतोही, कारण पुढच्या महिन्यात परत बोलावणं हवं असतं. स्मिथला परत बोलावण्याची चिंता नाही हे खरं, पण ज्यांना चिंता नाही असे किती बँड हे करतात?

त्याच महिन्यात पोलंडमधल्या क्राकूवला ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ पहिल्यांदा वाजलं. स्मिथचा मोठा भाऊ रिचर्ड गेला, त्यावरचं गाणं. सुरुवातीला पाऊस आणि ढगांचा गडगडाट, मग पियानोवर एक साधी ओळ. ती ओळ गाणंभर फिरत राहते, तिच्यात बदल जवळजवळ नाहीच. माणूस गेल्यावर डोक्यात एकच गोष्ट कशी फिरत राहते, ते या ओळीतून कळतं. मी हे गाणं कामाला जाताना ऐकू शकत नाही. हेडफोन काढावे लागतात.

आठपैकी पाच गाणी अशी दौऱ्यावर वाजून आलेली आहेत: वरची दोन, ‘अँड नथिंग इज फॉरएव्हर’, ‘अ फ्रॅजाइल थिंग’ आणि ‘एंडसाँग’. उरलेली तीन त्या दौऱ्यात वाजलेली नव्हती, आणि फरक कानाला लगेच कळतो. ‘वॉरसाँग’मध्ये वातावरण आहे, गाणं नाही. हार्मोनियमसारखा घरघरणारा सूर, करवतीसारखी गिटार, आणि सव्वाचार मिनिटांत आपण कुठेच पोचत नाही. घरावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनवरून सुचलेल्या ‘ड्रोन:नोड्रोन’चा बेस फाटका, रागीट, झकास आहे. पण त्यावर रीव्ह्स गॅब्रेल्सची वा-वा गिटार (पेडल दाबून ‘वा-वा’ असा आवाज काढलेली) इतकी बडबड करते की मूळ रिफ, म्हणजे फिरून फिरून येणारी ओळ, झाकला जातो. हेच गाणं शंभर रात्री वाजलं असतं तर निम्मी गिटार आपोआप गळून पडली असती. अपवाद ‘ऑल आय एव्हर ॲम’चा. त्यात गॅलपची धावती ओळच मुख्य चाल आहे आणि सगळा बँड तिच्यामागे पळतो. हे गाणं मी रोज वाजवते.

दुसरी तक्रार मिक्सची, म्हणजे सगळी वाद्यं एकत्र कशी बसवलीत त्याची आहे. स्मिथ आणि पॉल कॉर्केट या दोघांनी निर्मिती केली, वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. स्टुडिओ नावाजलेला, माणसं मुरलेली. तरी ड्रम इतके दाबून बसवलेत की मोठ्या आवाजात स्नेअर ड्रम कपाळावर आदळतो आणि कीबोर्ड-गिटार एकमेकांत मिसळून गढूळ होतात. चांगल्या स्पीकरवर हे जास्त जाणवतं. ‘अँड नथिंग इज फॉरएव्हर’ची सुरुवात पियानोवर इतकी नाजूक होते, आणि ड्रम आल्यावर तो पियानो पार बुडतो. वाईट वाटतं.

म्हणून ट्रॉक्सी.

अल्बम आला त्याच दिवशी बँडने पूर्व लंडनमधल्या ट्रॉक्सीत कार्यक्रम केला आणि तो यूट्यूबवर थेट, फुकट दाखवला. ट्रॉक्सी म्हणजे १९३३ चं जुनं सिनेमागृह, तीन हजारांच्या आसपास माणसं मावतील एवढं. स्टेडियम भरवू शकणारा बँड तिथे वाजवत होता. आपल्याकडे त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. लंडनचे रात्रीचे आठ म्हणजे आपले दीड. बाहेर फटाके थांबत आलेले, खिडकी उघडावी तर धूर, बंद करावी तर उकाडा. मी लॅपटॉप स्पीकरला जोडून आवाज जेमतेम ठेवला होता.

पहिले आठही नवी गाणी, अल्बमच्याच क्रमाने. मग जुनी. एकूण ३१ गाणी, जवळजवळ तीन तास. मला सगळ्यात जास्त पटलं ते हे की नवी गाणी ‘सहन करा, मग हिट देतो’ अशा थाटात वाजवली नाहीत. ‘एंडसाँग’च्या वेळी गॅलप स्पीकरवर एक पाय ठेवून मान खाली घालून वाजवत होता आणि स्मिथ माइकपासून लांब नुसता उभा होता. दहा मिनिटांहून मोठं गाणं, त्यात गायन येतं सहा मिनिटांनंतर. ड्रमचा एकच ठेका, टॉम-टॉमवर, न ढळता. अल्बममध्ये हा ठेका भिंतीसारखा समोर उभा राहतो. ट्रॉक्सीत त्याच्यामागे खोली होती. गिटार वेगळी, कीबोर्ड वेगळा, आणि मधे हवा.

पाडव्याच्या सकाळी मी तेच परत लावलं होतं. बाबा सवाई गंधर्वला वर्षानुवर्षं जाणारे, रॉकशी त्यांचं फारसं जमत नाही. चहा घेता घेता म्हणाले, “हा गातो कधी?”

“थांबा ना बाबा, सहा मिनिटांनी.”

ते थांबले. गाणं सुरू झालं, संपलं, आणि ते एवढंच म्हणाले, “घाई नाही त्याला. चांगलंय.” विलंबित ऐकणाऱ्या माणसाकडून आलेली ही दाद मला कुठल्याही पाच ताऱ्यांपेक्षा मोठी वाटते.

जुन्यांपैकी ‘अ फॉरेस्ट’चं सांगायलाच हवं. गाण्याच्या शेवटी बाकीचे एकेक करून गप्प होतात आणि गॅलप एकटा बेसवर तेच ठोके लांबवत राहतो, लोक टाळ्या धरतात. चाळीस वर्षं वाजवलेली गोष्ट, आणि तरी तो शेवटचा ठोका मारायच्या आधी क्षणभर थांबला तेव्हा मी श्वास धरला होता.

हा कार्यक्रम त्याच डिसेंबरात ‘साँग्ज ऑफ अ लाइव्ह वर्ल्ड’ या नावाने लाइव्ह अल्बम म्हणून आला, त्यात नव्या अल्बमची आठ गाणी आहेत. माझा सल्ला सरळ आहे: एकच घेणार असाल तर हा घ्या. ‘वॉरसाँग’सुद्धा इथे जरा सुसह्य होतं.

तिकिटांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात क्युअरने तिकिटं मुद्दाम स्वस्त ठेवली होती, काही तर वीस डॉलरची. मागणीप्रमाणे दर वाढवायचे नाहीत, असंही ठरलं होतं. मग लोकांना दिसलं की काही ठिकाणी वरचं शुल्कच तिकिटापेक्षा जास्त होतंय. स्मिथने जाहीरपणे संताप व्यक्त केला, आणि तिकीट विकणाऱ्या कंपनीला काही खरेदीदारांना दहा, काहींना पाच डॉलर परत करावे लागले. रक्कम छोटी आहे. पण एक गायक चाहत्यांच्या पावत्या बघतो आणि भांडतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आपल्याकडच्या एका मोठ्या शोचा माझा ताजा अनुभव याच्या अगदी उलट. तिकिटावर ‘सोयीचं’ शुल्क, गेटवर पाण्याची बाटली काढून घेतली, आत पाणी दामदुप्पट. पुढचा महागडा कप्पा अर्धा रिकामा आणि आम्ही त्याच्यामागे कठड्याला चिकटलेले. हे सगळं चालवून घेतलं असतं, पण मधल्या स्पीकरच्या खांबांची वेळ जुळवलेलीच नव्हती. प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येत होता. एवढे पैसे घेऊन साउंड चेक नीट न करणं ही फसवणूक आहे, आणि आपण प्रेक्षक त्याबद्दल आयोजकांना एक मेलही लिहीत नाही. मी लिहिला. उत्तर आलं नाही, परत लिहिणार आहे.

२०२५ मध्ये ‘मिक्सेस ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ हा रिमिक्सचा अल्बमही आला. त्यात इतर कलाकारांनी ही गाणी नव्याने घडवली आहेत: फोर टेटचा ‘अलोन’ ऐका, मोग्वाईचा ‘एंडसाँग’ ऐका, बाकीचं एकदा चाळलं तरी पुरे. बेस वाजवणाऱ्यांनी मात्र मूळ अल्बमची इन्स्ट्रुमेंटल आवृत्ती शोधावी. स्मिथचा आवाज काढल्यावर गॅलप जागोजाग स्वच्छ ऐकू येतो. ‘ऑल आय एव्हर ॲम’पासून सुरुवात करा, आणि पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) वापरा, बोटांनी तो करकरीतपणा येत नाही.