हयस्तान निधी : 2023 या वर्षाच्या सेवाकार्याचा आढावा

जगभर विखुरलेल्या आर्मेनियन समाजाकडून देणग्या गोळा करून मायदेशी रस्ते, शाळा आणि पाणीयोजना उभारणारा 'हयस्तान अखिल आर्मेनियन निधी' 1992 मध्ये स्थापन झाला. मुंबईला स्थायिक झालेल्या महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, वर्गणीवर आमच्या गोव्यातील फोंडा महालातील देवस्थानांचे उत्सव आणि जीर्णोद्धार कसे पार पडतात, हे मी समितीचे हिशेब पाहताना जवळून अनुभवतो. त्यामुळे या संस्थेविषयी मला विशेष आपुलकी वाटते.

2023 च्या सप्टेंबरमध्ये अझरबैजानने लष्करी कारवाई केल्यानंतर महिनाअखेर नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या वादग्रस्त प्रदेशातून एक लाखाहून अधिक माणसे काही दिवसांतच आर्मेनियात आली. मोटारींच्या टपांवर गाद्या आणि बोचकी बांधून गोरिस या सीमेलगतच्या गावी पोचलेल्या त्या कुटुंबांसमोर आधी निवाऱ्याचा आणि लगोलग उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. ज्या प्रदेशातील बांधकामांवर निधीने जवळपास तीन दशके पैसा खर्च केला, तोच प्रदेश असा रिकामा झाल्यावरही संस्थेने विस्थापितांच्या मदतीचे काम हाती घेतले, ही मला तिची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

दरवर्षी नोव्हेंबरात लॉस एंजेलिसहून होणारे दूरचित्रवाणी आवाहनही नेटके असते. मात्र 2020 मध्ये याच प्रदेशावरून अझरबैजानशी झालेल्या युद्धाच्या काळात जमलेल्या रकमेचा मोठा भाग सरकारी तिजोरीकडे वळवल्याने देणगीदारांत उमटलेली नाराजी रास्तच होती. म्हणून देणगी ठरावीक प्रकल्पाच्या नावेच द्यावी आणि त्याचा खर्च वार्षिक अहवालात पडताळून पाहावा.