रोजगार हमी की लाडकी बहीण: तिजोरीच्या नजरेतून

पगाराच्या स्लिपवर दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात, तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात तो 1975 साली आला तोच रोजगार हमीसाठी. 1972 च्या दुष्काळापासून पाझर तलावांवर खडी फोडणाऱ्यांची मजुरी शहरातल्या नोकरदारांनी भरायची, असा रोखठोक हिशेब. योजनेच्या पाठोपाठच तिचा पैसाही आला.

लाडकी बहीण योजनेत, जुलै 2024 पासून, महिना 1500 रुपये थेट खात्यात. त्यासाठी नवा कर नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात तरतूद 36 हजार कोटींची, आणि त्याच वर्षीची अंदाजित महसुली तूट 45 हजार कोटींच्या वर!

गाळणीही वेगळी. रोजगार हमी योजनेत (रोहयोत) ऊन आणि घमेलंच गाळणी; गरज नसलेला तिकडे फिरकतच नाही. इथे अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा, चारचाकीची अट, आणि छाननी मात्र पैसे वाटून झाल्यावर. ई-केवायसीसाठी ओटीपीची वाट बघत बसलेल्या बायकांना विचारा.

अर्थात रोहयोतही खोटी हजेरीपत्रकं होतीच, मजुरीही रखडायची. आणि म्हातारीच्या हातात कुदळ कोण देणार? तिला रोख रक्कमच हवी. माझं मत: रक्कम ठेवा, पण या योजनेच्या नावाचा कर आधी सांगा.