अपुरी झोप आणि अमेरिकेतले वंशगट: ऑड्स रेशो, प्रिव्हलन्स रेशो की सरळ वजाबाकी?

अमेरिकेत बीआरएफएसएस नावाचं सरकारी टेलिफोन सर्वेक्षण दरवर्षी होतं. २०१४ च्या फेरीत रोज सात तासांपेक्षा कमी झोपणारे गोऱ्यांमध्ये ३३.२ टक्के निघाले आणि कृष्णवर्णीयांमध्ये ४५.८ टक्के. दोन्ही गटांतून हिस्पॅनिक वगळलेले, वयाचं समायोजन केलेलं, म्हणजे दोन गटांतल्या वयाच्या फरकाचा प्रभाव काढून टाकलेला. हा फरक एका आकड्यात मांडायचा तर ऑड्स रेशो (प्रत्येक गटात कमी झोपणारे भागिले पुरेसे झोपणारे, आणि त्या दोन उत्तरांचं गुणोत्तर) येतो १.७०, प्रिव्हलन्स रेशो (दोन टक्केवारींचं सरळ गुणोत्तर) १.३८ आणि वजाबाकी १२.६ टक्केबिंदू. गणित तिन्हींचं बरोबर आहे. प्रबंधात किंवा अहवालात कोणता आकडा पुढे करायचा, एवढाच प्रश्न.

ऑड्स रेशो लॉजिस्टिक रिग्रेशनमधून, म्हणजे हो-नाही उत्तरांसाठीच्या नेहमीच्या मॉडेलमधून, आयता मिळतो, म्हणून सगळीकडे दिसतो. दुर्मिळ आजारात तो प्रिव्हलन्स रेशोच्या अगदी जवळ जातो. पण इथे दर तिसरा माणूस कमी झोपतो. वाचणारा १.७० चा अर्थ ‘७० टक्क्यांनी जास्त’ असाच लावणार, आणि तो चुकीचा आहे. ऑड्स रेशोचा एक गुण मात्र मान्य करायला हवा: ‘अपुरी झोप’ऐवजी ‘पुरेशी झोप’ मोजली तर तो फक्त उलटा होतो, १ भागिले १.७०. प्रिव्हलन्स रेशो असा वागत नाही. त्याच माहितीतून पुरेशा झोपेचा रेशो ०.८१ येतो आणि दरी एकदम लहान वाटू लागते.

तरीही गुणोत्तरच द्यायचं असेल तर मी प्रिव्हलन्स रेशो घेईन. तो थेट देणारं लॉग-बायनोमियल मॉडेल कागदावर छान, पण चल (वय, उत्पन्न असे घटक) वाढले की पुष्कळदा उत्तरापर्यंत पोचतच नाही. संख्याशास्त्रज्ञ झोऊ यांनी २००४ मध्ये मांडलेलं सुधारित पॉइसन, म्हणजे मोजणीच्या आकड्यांसाठीचं पॉइसन रिग्रेशन अधिक रोबस्ट व्हेरियन्स (मॉडेलची गृहीतकं तंतोतंत नसली तरी टिकणारा चुकीचा अंदाज), सहसा अडत नाही. एखाद्याची अंदाजित शक्यता १ च्या वर जाते कधीकधी. गटांची तुलना करताना त्याने फारसं बिघडत नाही. सर्वेक्षणाची वेट्स (प्रत्येक उत्तराचं वजन), स्तर आणि क्लस्टर (नमुना ज्या गटांतून निवडला ते) मात्र मॉडेलला सांगायलाच हवेत, नाहीतर स्टँडर्ड एररवर, म्हणजे आकड्यातल्या अनिश्चिततेच्या मापावर, विश्वास ठेवता येणार नाही.

धोरणासाठी लिहीत असाल तर वजाबाकी. दर शंभरांमागे साधारण तेरा माणसं जास्त, हे आरोग्य खात्यातल्या कुणालाही कळतं, आणि ‘पुरेशी’ मोजा की ‘अपुरी’, अंतर तेवढंच राहतं. लॉजिस्टिक मॉडेल आधीच बसवलं असेल तरी चालेल: सगळ्या नमुन्याला आधी एका गटाचं, मग दुसऱ्या गटाचं मानून अंदाज काढायचे, सरासरी घ्यायची आणि वजा करायचं. स्टाटा या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये हे ‘मार्जिन्स’ ही आज्ञा करते.

माप निवडण्यापेक्षा अवघड प्रश्न आहे तो समायोजनाचा. उत्पन्न, शिक्षण, रात्रपाळी मॉडेलमध्ये घातली की दरी बहुधा आकसते, आणि मग ‘वंशाचा परिणाम फारसा नाही’ असं लिहून मोकळे होणारे भेटतात. पण भेदभाव ज्या वाटांनी झोपेपर्यंत पोचतो, त्यातल्याच या वाटा आहेत. त्या बंद करून उरलेला आकडा म्हणजे एकूण दरी नव्हे. म्हणून वय-लिंगापुरतं समायोजन आणि पूर्ण समायोजन, दोन्ही शेजारी छापा. दरीतला किती भाग उत्पन्नाच्या तफावतीशी जोडता येतो हेच विचारायचं असेल, तर ओआहाका-ब्लाइंडर विघटन (दोन गटांतला फरक कारणांनुसार भागांत वाटणारी पद्धत) त्यासाठीच आहे. मजुरीतल्या तफावतीसाठी १९७३ पासून वापरात आहे.

मोजमापातली खोट यातल्या कुठल्याच पद्धतीने निघत नाही. कार्डिया या हृदयविकाराच्या दीर्घकालीन अभ्यासाच्या शिकागोतल्या गटात लोकांनी सांगितलेली झोप मनगटावरच्या यंत्राने मोजलेल्या झोपेपेक्षा सरासरी पाऊण तासाहून जास्त भरली. बीआरएफएसएसमध्ये तर उत्तर पूर्ण तासांतच नोंदवतात आणि अर्धा तास वरच्या तासात जातो. साडेसहा तास झोपणारा त्यामुळे सात तासांच्या रकान्यात, म्हणजे ‘पुरेशी झोप’ या बाजूला बसतो. मर्यादा सातऐवजी सहावर आणून तेच मॉडेल पुन्हा चालवा आणि तो तक्ता परिशिष्टात द्या.