कणकेचा गोळा की कडधान्यांची वाटणी?

दीड-दोन वर्षांच्या मुलाला घरातलंच काही खेळायला द्यायचं म्हटलं की दोन गोष्टी पटकन सुचतात: मळलेल्या कणकेचा गोळा, नाहीतर राजमा-चवळी वेगवेगळ्या वाट्यांत टाकणं.

तीन वर्षांच्या आत मी निःशंकपणे कणीकच देईन. दाबणं, लांबवणं, चिमटीने तोडणं यातून बोटांना ताकद येते. पुढे पेन्सिल धरताना तीच उपयोगी पडते. छोटं लाटणं हातात दिलं की दोन्ही हात एकत्र चालायला लागतात. चिमूटभर हळद किंवा थोडा बिटाचा रस घातला की रंगही येतो. कच्ची कणीक मात्र खाऊ देऊ नका, आणि खेळून झाल्यावर टाकून द्या; उन्हाळ्यात ती फार लवकर आंबते.

कडधान्यांत वर्गीकरण आहे, मोजणी आहे, मुलं रमतातही छान. पण राजम्याचा दाणा घशात अडकू शकतो. नाकात गेला तर ओलाव्याने तिथेच फुगतो. त्यामुळे हा खेळ तीन वर्षांनंतर, तोही मोठं माणूस शेजारी बसलेलं असतानाच. त्याआधी वर्गीकरण शिकवायचंच असेल, तर बाजारातून आणलेले कांदे-बटाटे दोन टोपल्यांत वेगळे करायला द्या.