कॅननची १००-५०० की २००-८००? आधी पक्षी किती लांब बसतो ते बघा

उजनी जलाशयाच्या काठी भिगवणला होडीत बसलं की पहिल्या अर्ध्या तासातच आपली लेन्स कुठे कमी पडते ते कळतं. पाण्यातल्या खुंटावर ऑस्प्रे मासा फाडत बसलेला असतो. नावाडी आवाज न करता होडी पुढे सरकवतो, पण एका अंतरानंतर तो स्वतःच हात आखडता घेतो, कारण आणखी पुढे गेलं तर पक्षी उडणार. लेन्स ५०० मिलिमीटरपर्यंत झूम केली, म्हणजे पाचशेवर, तर तो ऑस्प्रे चौकटीच्या मधोमध छोटासा दिसतो, आठशेवर त्याच्या डोळ्याचा पिवळा रंग दिसतो.

कॅननच्या आर सिरीजची मिररलेस कॅमेरा बॉडी घेतलेले बरेच जण या दोन लेन्समध्ये अडकतात. आरएफ १००-५०० आली २०२० मध्ये, २००-८०० आली २०२३ मध्ये. आठशेची लेन्स (२००-८००) एल सिरीजची, म्हणजे कॅननच्या महागड्या लेन्सपैकी, नाही आणि स्वस्तही आहे. तिच्याबद्दल पहिली शंका असते ती आठशेवरच्या एफ/९ ची (हा आकडा जेवढा मोठा, तेवढा प्रकाश कमी): 'एवढ्या अंधाऱ्या लेन्सवर पक्षी कसे काढायचे?'

ही भीती अर्धीच खरी आहे. १००-५०० पाचशेवर एफ/७.१ देते. ५०० ला ७.१ ने भागा, उत्तर येतं ७० मिलिमीटर. ८०० ला ९ ने भागा, ८९ मिलिमीटर. प्रकाश आत घेणारं तोंड आठशेचंच मोठं आहे. लांबचा पक्षी पाचशेवर काढून आठशेइतका क्रॉप केलात, म्हणजे कडा कापून मोठा केलात, तर २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम साडेनऊ उरतात आणि नॉइज, म्हणजे दाणेदारपणाही, जास्त दिसतो. आयएसओचा (कॅमेऱ्याच्या प्रकाशाबाबतच्या संवेदनशीलतेचा) आकडा आठशेवर चढलेला दिसेल, ४००० च्या जागी ६४००, पण प्रत्यक्ष त्या पक्ष्याच्या अंगावरचा प्रकाश आठशेनेच जास्त गोळा केलेला असतो. नव्या मिररलेस बॉडी एफ/९ वर ऑटोफोकसही नीट करतात. त्यामुळे पक्षी लांबच बसणार असेल, तर नुसत्या एफ/९ साठी आठशेला नाही म्हणू नका.

पक्षी जवळ असला की मात्र गणित उलटतं. सिंहगडाच्या पायथ्याशी झाडांच्या गर्द सावलीत स्वर्गीय नर्तक आठ-दहा मीटरवर येऊन बसतो. तिथे आठशे लागतच नाही. ५०० वर आणलीत तर २००-८०० एफ/८ देते, १००-५०० एफ/७.१. फरक थोडाच, पण त्या सावलीत तेवढाही हवासा वाटतो. फुलपाखरं, चतुर काढायचे असतील तर १००-५०० चा हात धरणारं कुणी नाही. ती ५०० वर सव्वा मीटरच्या आतही फोकस करते. आठशेला पूर्ण झूमवर सव्वातीन मीटर मागे सरावं लागतं.

ताडोब्यात तर मी बिनदिक्कत १००-५०० नेईन. वाघीण झाडीतून निघून जिप्सीच्या रस्त्यावर आली, दहा मीटरवर आडवी उभी राहिली, तर फुल फ्रेमवर (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर) २०० मध्ये १.८ मीटर रुंदीचीच जागा मावते. धड जेमतेम मावतं, शेपूट बाहेरच राहते. १०० वर ३.६ मीटर मिळतात आणि मागचा बांबूही येतो. अशा वेळी लेन्स बदलायला सवड नसते, आणि जिप्सीतल्या धुळीत ती बदलूही नये.

वजनाचं बोललंच पाहिजे. १००-५०० ट्रायपॉडला जोडायची कॉलर काढून साधारण १३७० ग्रॅम भरते. २००-८०० दोन किलोच्या थोडी वर, आणि तिचा ट्रायपॉडचा पाय निघत नाही. हलत्या होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही. काठावर बीनबॅग ठेवता येते, पण उडणाऱ्या पक्ष्यामागे लेन्स फिरवायची तर सगळा भार डाव्या मनगटावर येतो. पाऊण तासाने हात खाली येऊ लागतो आणि नेमकं तेव्हाच काहीतरी उडतं. मनगटाचं किंवा खांद्याचं दुखणं असेल तर त्याकडे काणाडोळा करू नका.

बॉडी आर७ असेल तर माझा कौल सरळ १००-५०० ला. तिच्या लहान सेन्सरच्या १.६ पट क्रॉपमुळे पाचशेवरच फुल फ्रेमच्या आठशेइतकी चौकट मिळते, तीही साडेबत्तीस मेगापिक्सेलमध्ये. आर६ मार्क टूसारखी फुल फ्रेम असेल आणि फिरणं मुख्यतः उजनी, नांदूरमध्यमेश्वर, ठाण्याची खाडी असं उघड्या पाण्यावरचं असेल, तर २००-८०० घ्या. दोन्ही खिशाबाहेर असतील तर आरएफ १००-४०० आहे, अवघी ६३५ ग्रॅम. पहाटेच्या उजेडात तिची ओढाताण होते, पण स्वच्छ उन्हात ती छान काम करते.

पैसे भरण्याआधी आठशे दोन दिवस भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत मिळते. होडी पहाटेचीच ठरवा. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि आठशेवरची पिसं मऊ पडतात. तो दोष लेन्सचा नसतो, पण दुपारचे फोटो बघून निर्णय घेतलात तर तो तिच्याच माथी येईल.