नॉटिंगहॅमचा हब की तैवानचा? स्टर्मी-आर्चरच्या स्थलांतरानंतर तीन गियरची निवड

जुनी रॅले किंवा तिच्या घाटणीची काळी भारतीय सायकल ज्यांच्याकडे आहे आणि तिच्या मागच्या चाकात तीन गियरचा हब (चाकाच्या मध्यभागी बसणारा, गियर पोटात असलेला भाग) बसवण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासमोर आज एकाच नावाचे दोन पर्याय येतात. पहिला म्हणजे इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे बनलेला, भंगारात, जुन्या वस्तूंच्या बाजारात किंवा एखाद्या संग्राहकाकडे सापडणारा स्टर्मी-आर्चरचा ‘एडब्ल्यू’ हब. दुसरा त्याच नावाने तैवानमध्ये बनणारा नवा हब. दोन्हींवर नाव सारखे आहे आणि गियरचे प्रमाणही तेच आहे, परंतु मधल्या काळात कंपनीचा मालक बदलला आणि तिचा कारखाना एका खंडातून दुसऱ्या खंडात गेला. पुष्कळ खरेदीदार एवढे ऐकूनच ‘अस्सल ते इंग्लंडचेच’ असा निकाल देऊन मोकळे होतात. हा निकाल घाईचा आहे, असे माझे मत आहे.

स्टर्मी-आर्चरची सुरुवात नॉटिंगहॅममध्ये १९०२ साली रॅले कंपनीच्या आश्रयाने झाली. नाव हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर या दोघांचे लागले, मूळ कल्पनेत मात्र विल्यम रायली या तिसऱ्या माणसाचा वाटा मोठा होता. यंत्रांच्या इतिहासात असे अनेकदा घडते. ज्या एडब्ल्यू हबमुळे ही कंपनी घरोघरी पोचली, तो १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आला आणि पुढे अनेक दशके जवळपास त्याच स्वरूपात बनत राहिला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस रॅलेचा मालक डर्बी हा समूह होता आणि नॉटिंगहॅममधील कारखान्याच्या जागेचे भाग एकेक करून हातचे जात होते. त्यातल्या एका भागावर १९९९ साली नॉटिंगहॅम विद्यापीठाचे ज्युबिली संकुल सुरू झाले. २००० साली डर्बीने स्टर्मी-आर्चर ही कंपनी लेनार्क नावाच्या खरेदीदाराला विकली आणि त्यानंतर काही महिन्यांतच ती दिवाळखोरीत निघाली. तेव्हा तैवानच्या सनरेस या सुट्या भागांच्या उत्पादकाने नाव, आराखडे आणि यंत्रसामग्री विकत घेतली, यंत्रे जहाजाने तैवानला नेली आणि २००१ साली तेथे उत्पादन सुरू केले. खुद्द रॅलेची नॉटिंगहॅममधील सायकलजोडणीही २००२ साली थांबली.

खरेदीदाराच्या दृष्टीने या व्यवहारातला महत्त्वाचा तपशील असा की सनरेसने केवळ नाव विकत घेतले नाही. नाव एकाचे आणि माल भलत्याच कारखान्यातला, असा प्रकार सायकलींच्या व्यापारात नवा नाही. जुनी प्रतिष्ठित नावे अशा रीतीने कितीतरी निकृष्ट वस्तूंवर चिकटवली गेली आहेत. येथे आराखडे आणि यंत्रे नावाबरोबर गेली आणि नव्या मालकाने त्यावर पुढचे कामही केले. १९५०च्या दशकात बंद पडलेल्या तीन गियरच्या ‘फिक्स्ड’ हबची (ज्यात चाक फिरते तोवर पायडलही फिरत राहते) कल्पना त्याने ‘एस३एक्स’ या नव्या हबच्या रूपाने पुन्हा बाजारात आणली आणि आठ गियरचा एक वेगळा हबही काढला. मालकी बदललेल्या कंपनीबद्दल शंका घेताना तिचा कारखाना कोठे गेला एवढेच विचारून भागत नाही. कारखान्याबरोबर काय काय गेले, तेही विचारले पाहिजे.

आता प्रत्यक्ष हबकडे वळू. दोन्हींच्या पोटात एकच युक्ती आहे: मध्यभागी २० दात्यांचे स्थिर चक्र, त्याभोवती फिरणारी छोटी चक्रे आणि सर्वांना वेढणारी ६० दात्यांची कडी. पहिल्या गियरमध्ये चाक मागच्या स्प्रॉकेटच्या (साखळी चढते त्या दातेरी चक्राच्या) तीन चतुर्थांश वेगाने फिरते, दुसऱ्यात बरोबरीने आणि तिसऱ्यात एक तृतीयांश अधिक वेगाने. म्हणजे गियरचा पल्ला हा निवडीचा मुद्दाच नाही. त्या बाबतीत दोघे समान आहेत.

जुन्या एडब्ल्यूमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरच्या मधोमध एक अशी जागा आहे की तेथे आतला क्लच (गियर जोडणारा सरकता भाग) कोणत्याच भागाला पकडत नाही. गियर बदलणारी केबल नीट जुळवलेली असेल तर ही जागा क्षणात ओलांडली जाते. केबल सैल असेल किंवा ताणली गेली असेल तर ऐन जोर लावल्यावर पायडल मोकळे सुटते. उभे राहून चढ चढणाऱ्या माणसाचा सगळा भार अशा वेळी अचानक पुढे जातो आणि तो हँडलवर आपटतो किंवा खाली पडतो. जुन्या हबचे भक्त या गोष्टीला ‘सवयीचा भाग’ म्हणतात, आणि केबलची जुळवणी शिकलेल्या माणसाच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु सायकल घरातील मुले चालवणार असतील, किंवा केबलकडे महिनोन्महिने कोणी पाहणार नसेल, तर हा धोका सवयीच्या नावाखाली झाकण्यासारखा नाही. तैवानच्या आजच्या हबमध्ये आतील रचना बदलून ही मोकळी जागा काढून टाकलेली आहे; क्लच एका गियरमधून सुटला की दुसरा लागलेलाच असतो. माझ्या मते दोन हबांमधला सर्वांत मोठा फरक हाच आहे, आणि तो नव्याच्या बाजूने जातो.

तेलाच्या बाबतीत पारडे थोडे दुसरीकडे झुकते. जुन्या हबच्या कवचावर तेल सोडण्यासाठी छोटे झाकण असते. महिन्या-दोन महिन्यांनी त्यातून पातळ यंत्रतेलाचे काही थेंब सोडले की हब पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेला हबदेखील बऱ्याचदा नुसत्या तेलाने मोकळा होतो. स्वयंपाकघरातले तेल मात्र त्यात कधीही घालू नये. ते कालांतराने चिकट होते आणि आतले बारीक खटके (एकाच दिशेने पकड घेणारे भाग) अडकून बसतात. नव्या हबमध्ये ग्रीस भरलेले असते आणि तेलाचे छिद्र नसते. रोजच्या वापरात त्याकडे लक्ष द्यावे लागत नाही ही सोय आहे; पण कोकणातल्या पावसात चार महिने भिजणाऱ्या सायकलीचा हब कधीतरी उघडून, धुऊन पुन्हा ग्रीस भरावाच लागतो, आणि हे काम जमणारा कारागीर प्रत्येक गावात मिळेलच असे नाही. ज्याला स्वतःच्या हाताने देखभाल करायला आवडते, त्याला जुना हब अधिक मायाळू वाटेल.

पावसाचाच विषय निघाला आहे तर ब्रेकचेही पाहू. काळ्या सायकलींचे दांड्यांचे ब्रेक ओल्या, चकचकीत रिमवर किती लागतात हे ज्याने पावसाळ्यात उतारावर अनुभवले आहे त्याला समजावून सांगण्याची गरज नाही. तैवानच्या मालिकेत तीन गियर आणि ७० मिलिमीटरचा ड्रम ब्रेक एकाच हबमध्ये असलेला ‘एक्स-आरडी३’ हा प्रकार आहे. ड्रम झाकलेला असल्यामुळे पाणी आणि चिखल यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. नॉटिंगहॅममध्येही ड्रम ब्रेकचे तीन गियरचे हब बनत असत, पण ते सुस्थितीत आणि सर्व भागांसह मिळणे हा निव्वळ नशिबाचा प्रश्न आहे. ज्याची सायकल जून ते सप्टेंबर रस्त्यावर असते, त्याने निदान हा पर्याय विचारात घ्यावा.

आतापर्यंतच्या हिशेबाने नवा हब पुढे दिसत असला, तरी चाकाच्या तारांपाशी आल्यावर गणित उलटते. जुन्या ब्रिटिश सायकलींची रीत अशी होती की पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा. रॅलेच्या सहकार्याने आसनसोल येथे सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला आणि आपल्याकडच्या इतर कारखान्यांनीही त्याच घाटणीच्या सायकली बनवल्या, त्यामुळे ही रीत भारतात रुजली. आजही २८ × १½ मापाच्या भारतीय सायकलीच्या मागच्या रिमला ४० छिद्रे असतात. नॉटिंगहॅमचे जुने एडब्ल्यू याच रिमसाठी बनलेले असून ४० छिद्रांचे सहज आढळतात. नवे हब मात्र बाजारात प्रामुख्याने ३६ छिद्रांचे मिळतात. म्हणजे नवा हब घेतला की बहुधा रिम बदलावी लागते, रिम बदलली की तारांची लांबी बदलते, आणि तीन गियरच्या हबचे कवच साध्या हबपेक्षा जाड असल्याने तारा तशाही वेगळ्या मापाच्या लागतात. मागचे चाक बसते त्या दोन पट्ट्यांमधले अंतरही आधी मोजून घ्यावे. जुन्या हबचे हे माप साधारण ११४ मिलिमीटर असते. नव्यांपैकी काही प्रकार याहून रुंद असल्यामुळे फ्रेम थोडी फाकवावी लागते. पोलादी फ्रेमला ते सोसते, पण काम जाणत्या हातांनी झाले पाहिजे. छिद्रे आणि रुंदी यांचा विचार न करता केवळ हबच्या किमतीवरून निर्णय घेणाऱ्याचा खर्च शेवटी अंदाजापेक्षा पुष्कळ वाढतो.

सुट्या भागांबाबत समज-गैरसमज दोन्ही आहेत. मागचे स्प्रॉकेट तीन खाचांचे, गोल क्लिपने अडकवायचे, ही पद्धत १९५०च्या दशकापासून आजतागायत टिकली आहे, त्यामुळे नवे स्प्रॉकेट जुन्या हबवर बसते. त्याआधीच्या हबांचे स्प्रॉकेट आट्यांवर फिरवून बसवायचे असते, ते यात धरू नये. एक्सलचे आटे दोन्हीकडे जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत. साध्या दुकानातला मेट्रिक नट जबरदस्तीने चढवला की आटे खराब झालेच म्हणून समजावे. मात्र आतली रचना बदललेली असल्यामुळे क्लच, खटके, चक्रांचा पिंजरा हे भाग एकमेकांत सरसकट बदलता येतील असे गृहीत धरून जुना हब ‘पार्टसाठी’ विकत घेऊ नये.

जुना हब घ्यायचाच ठरला तर कवचावरचा शिक्का आधी वाचावा. मॉडेलच्या अक्षरांजवळ वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि महिना छापलेला असतो. ‘६२’ आणि ‘३’ असे आकडे असतील तर तो मार्च १९६२चा. ‘एसडब्ल्यू’ अशी अक्षरे दिसली तर हब परत ठेवावा. १९५०च्या दशकात एडब्ल्यूच्या जागी आणलेला तो प्रकार गियर सटकण्याबद्दल बदनाम झाला आणि कंपनीला तो मागे घ्यावा लागला. स्प्रॉकेट पुढच्या दिशेने फिरवून चाक चालवले असता पहिल्या गियरमध्ये हब शांत असावा आणि दुसऱ्या-तिसऱ्यात टिकटिक ऐकू यावी. तिन्ही गियरमध्ये शांतता असेल तर बहुधा तेल वाळून खटके चिकटले आहेत. ते दुरुस्त होते, पण किंमत ठरवताना हा मुद्दा वापरावा. वयाचा विचार करता १९५० आणि १९६०च्या दशकांतील हब मी अधिक विश्वासाने घेईन. नॉटिंगहॅमच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत कंपनीची घडी विस्कटत गेली तसा दर्जाही कमी-जास्त होऊ लागला, असे जुने मेकॅनिक सांगतात, आणि तैवानच्या कारखान्यातील काम त्या शेवटच्या काळापेक्षा नेमके असल्याचे कबूल करणारेही त्यांच्यातच आहेत. ‘इंग्लंडचा’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. कोणत्या दशकाचा, हे विचारावे लागते.

याच घराण्यातल्या ब्रुक्सची गोष्ट येथे सांगावी लागते, कारण दोन्ही कंपन्यांवर २००० साली एकच संकट आले आणि वाटा वेगळ्या झाल्या. बर्मिंगहॅममध्ये १८६६ साली सुरू झालेली, चामड्याच्या सीट बनवणारी ही कंपनीही रॅलेच्या गोतावळ्यात होती आणि स्टर्मी-आर्चरबरोबरच डबघाईला आली. तिला प्रथम इंग्लंडमध्येच खरेदीदार मिळाला आणि २००२ साली इटलीच्या सेले रोयालने ती घेतली. नव्या इटालियन मालकाने चामड्याच्या सीटचे काम बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिकमधील कारखान्यातच चालू ठेवले. रबराची ‘कँबियम’ ही नवी मालिका मात्र इटलीत बनवली. मालकी परदेशी गेली, काम जागेवर राहिले. मला हा फरक वस्तूच्या स्वभावातून आलेला वाटतो. चामडे निवडणे, ओले करून साच्यावर ताणणे, कडा तासणे, तांब्याचे रिव्हेट ठोकणे हे सगळे हातांच्या सवयीवर चालते आणि ते हात जहाजात घालून नेता येत नाहीत. दातेरी चक्रे मात्र आराखडा, यंत्र आणि तपासणी यांवर चालतात. ही तिन्ही जिथे नीट मांडली जातील तिथे चांगले चक्र बनते. म्हणून ज्याला ‘जुन्याच ठिकाणी बनलेले’ हवे आहे त्याने तो आग्रह सीटच्या बाबतीत धरावा. हबच्या बाबतीत त्या आग्रहाला फारसा आधार नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. सायकल रोज कामाला जाण्यासाठी हवी असेल, घरातील दोघे-तिघे ती चालवणार असतील, किंवा चाक तसेही नव्याने बांधायचे असेल, तर तैवानचा हब घ्यावा आणि पावसात चालवायची असेल तर ड्रमचा घ्यावा. जुन्या सायकलीचे ४० तारांचे मूळ चाक शाबूत असेल आणि ते तसेच ठेवायचे असेल, तर नॉटिंगहॅमचा एडब्ल्यू शोधण्याचे श्रम सार्थकी लागतात. मात्र केबलची जुळवणी शिकून घ्यावी. अशा चाकात हा हब आधीपासून असेल आणि टिकटिक ऐकू येत असेल, तर तो काढून नवा बसवण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

कोणताही हब निवडला तरी स्प्रॉकेटचा विचार राहून जातो. काळ्या सायकलीच्या पुढच्या ४४ दात्यांच्या चक्राबरोबर मागे १८ दाते ठेवले, तर पायडलच्या एका फेरीत पहिल्या गियरमध्ये सुमारे ४.१ मीटर आणि तिसऱ्यात सुमारे ७.३ मीटर अंतर कापले जाते. एवढा जड तिसरा गियर शहरात क्वचितच उपयोगी पडतो आणि पहिला चढासाठी पुरत नाही. मागे २२ दात्यांचे स्प्रॉकेट लावले तर हेच आकडे अनुक्रमे सुमारे ३.३ आणि ५.९ मीटरवर येतात; पुण्याहून कात्रजच्या घाटाकडे निघणाऱ्याला हा बदल पहिल्याच वळणावर जाणवेल. साखळी मात्र काही कड्यांनी लांब करावी लागेल.