शंखातील की दगडातील : ग्रीक-रोमन पुराणप्रतिमांचे जुने कॅमिओ

एकोणिसाव्या शतकातील कॅमिओ, म्हणजे उठावात कोरलेल्या आकृतीचा दागिना, विकत घेताना आकृती सापांचे केस असलेल्या मेड्युसाची आहे की तारुण्याची देवता हीबीची, याआधी ती शंखात कोरलेली आहे की दगडात, हे ठरवावे. किंमत, टिकाऊपणा आणि वापर या एकाच गोष्टीवर अवलंबून असतात.

दोन्हींत वरच्या फिकट थरातून आकृती उठावात कोरतात आणि खालचा गडद थर पार्श्वभूमी म्हणून राखतात. सार्डोनिक्स किंवा अकीक या थरांच्या दगडांचा कठीणपणा खनिजांच्या मोह्‌स मापनावर 6.5 ते 7 असल्याने त्यावर पोलादी टोक चालत नाही. फिरत्या हत्याराला कठीण भुकटी लावून दगड हळूहळू झिजवावा लागतो. शंखाचा याच मापनावरील आकडा त्याच्या जवळपास निम्माच असल्याने तो हाताने कोरता येतो, आणि म्हणूनच नेपल्सजवळच्या टोरे देल ग्रेको येथील कारागीर प्रवाशांसाठी असे दागिने मोठ्या संख्येने घडवू शकले. कथा सांगणारे दृश्य हवे असल्यास माझा कौल शंखाकडे आहे: डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसेनच्या 1815 च्या ‘रात्र’ आणि ‘दिवस’ या शिल्पांवरून केलेल्या कॅमिओंत पंखांची पिसे आणि वस्त्राच्या चुण्या कमी खर्चात पाहायला मिळतात. मात्र घर्षणाने नाक व केस गुळगुळीत होतात आणि कोरड्या हवेत तडे जातात. तुकडा उजेडासमोर धरावा: शंखातून प्रकाश झिरपतो, तडे दिसतात, आणि त्याची पाठ सहसा खोलगट असते. दगड हाताला गार व जड लागतो. त्याच्या कडांचे टवके तेवढे तपासावेत.

कॅमिओच्या उलट, आत खोदलेल्या आकृतीचे इंटाग्लिओ मुळात मोहोर उमटवण्यासाठी असत. उठाव नसल्याने अंगठीत ते सर्वांत कमी झिजतात.

प्राचीनतेच्या दाव्यापोटी मात्र जादा पैसे देऊ नयेत. पोलिश सरदार प्रिन्स पोनियातोव्स्की यांच्या संग्रहातील सुमारे 2500 कोरीव रत्ने 1839 मध्ये लंडनला लिलावात निघाली. त्यांतील बहुसंख्य रत्नांवर प्राचीन ग्रीक कारागिरांच्या सह्या असूनही ती पोनियातोव्स्की यांच्याच काळात कोरलेली होती. (खऱ्या रोमन काळातही असा दगड भारतातून जात असे, पैठणहून भडोचला येणाऱ्या ऑनिक्स या थरांच्या दगडाचा उल्लेख पेरिप्लस या प्राचीन ग्रीक सागरी व्यापारवर्णनात आहे.) ब्रोचच्या मागचा साधा आकड्याचा फासा जुनेपणाकडे बोट दाखवतो, परंतु तो नंतर बदललेला असू शकतो.

क्वचित लावायच्या ब्रोचसाठी शंख पुरेसा आहे. रोजच्या अंगठीसाठी दगडच घ्यावा, मग आकृती थोडी साधी असली तरी चालेल. अत्तर आणि घाम यांपासून शंख जपावा लागतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो अंगठीत घालणे मला योग्य वाटत नाही.